धोक्याची खूण

१

बापूराव आगाशे गेले त्याला अकरा दिवस झाले होते, आणि ते कोणामुळे गेले हे टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं होतं. फक्त माझी सही बाकी होती.

"मॅडम, सोमवारी वर पाठवायचंय," दिग्विजय साहेब म्हणाले. ते माझे वरिष्ठ, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान. "सगळं तयार आहे."

"मग चौकशी कशाला हवी?"

"चौकशी झाली असं लिहायला."

मी भाग्यश्री बेलसरे. एकोणतीस वर्षं रस्त्यांवरच्या पावसाळी गटारांची कामं बघते. पाणी तुंबलं की लोकांना आमची आठवण येते, एरवी आमचं खातं जमिनीखालीच असतं. हल्ली पाऊस आला की मला आधी दमायला होतं, मग छत्री आठवते.

हकिगत साधी होती. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, दुपारी सव्वातीन ते पावणेपाच. बिबवेवाडीच्या उतारावर शरयू विहार नावाची सोसायटी आहे, तिच्या फाटकासमोर खोलगट भाग आहे आणि तिथे दरवर्षीप्रमाणे गुडघाभर पाणी साचलं. सोसायटीतच राहणारे बापूराव, वय एकाहत्तर, पोस्टातून निवृत्त, त्या पाण्यात गेले आणि उघड्या चेंबरमध्ये पडले. साडेसहाला अग्निशमन दलाने त्यांना बाहेर काढलं.

दोष आमच्या वैजनाथचा. वैजनाथ घुले, ड्रेनेजचा बिगारी. त्या दिवशी तो तिथे गेला होता आणि वहीत त्याच्याच अक्षरात नोंद होती: '४.४०. शरयू विहारसमोर चेंबर खुला केला. पाणी उतरू लागले.' खुला केला आणि तसाच टाकून गेला, असा निष्कर्ष. शिक्षा, बडतर्फी. तो मार्चमध्ये निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी वारसा हक्काने त्याची मुलगी पूर्णिमा लागणार होती. बडतर्फ माणसाला वारस नसतो. म्हणजे माझ्या एका सहीत दोन माणसं जाणार होती.

चौकशीच्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना असतो: 'अपघातस्थळी धोक्याची खूण लावली होती काय?' तिथे टाइप केलं होतं: 'झाडाची फांदी लावली होती, परंतु ती अपुरी होती.'

हे मात्र आमच्याकडचंच. चेंबर उघडलं की त्यात झाडाची फांदी खोचायची, म्हणजे येणाऱ्याला दुरून कळतं. लाल-पांढरे अडथळे आमच्याकडे आहेत, पण ते बहुतेक कागदावर उभे असतात.

सोबत फोटो होता. पाणी ओसरलेला रस्ता, काळं गोल भोक, बाजूला झाकण आणि भोकात खोचलेली जास्वंदीची फांदी. मी फोटो खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यात काहीतरी खुपत होतं, पण काय ते समजेना. सही मात्र मी केली नाही.

२

वैजनाथ दाराशीच उभा राहिला. खुर्ची दाखवली तरी बसला नाही. लोणी काळभोरहून रोज दोन बस बदलून येणारा माणूस, इतक्या वर्षांत मी त्याला उशिरा आलेलं पाहिलं नव्हतं.

"वैजनाथ, चेंबर खुला केला असं तुम्हीच लिहिलंय."

"केला की. जाळी तुंबली हुती. प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, एक गादीचा तुकडा. समदं काढलं, पानी जायाला लागलं."

"म्हणजे झाकण उघडलं नाहीत?"

"मॅडम, तुमी इंजनेर. खुला करनं म्हंजी तुंबलेलं काढनं. झाकन काढलं तर आमी 'झाकन काढलं' आसं लिवतो. चवकोनी जाळी साफ केली म्या. ते गोल झाकन मैल्याच्या लायनीचं हाय, त्याला म्या हात बी लावला न्हाई."

मला माझीच लाज वाटली. खुला करणे म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पण टाइप केलेल्या कागदावर वाचलं की आपल्या घरचा शब्दसुद्धा परका वाटतो.

"पावसात मैल्याचं झाकण कोण उघडतं?" मी मोठ्याने विचार केला.

"ज्याला ठाव न्हाई तो. वरचं पानी खाली जाईल आसं वाटतं लोकान्ला. पानी जातंय, पन त्यासंगं माती आन् पिशव्या बी जात्यात. लाईन बसती. ती काडाया दुसऱ्या दिशी कोन उतरतं? मीच. माझ्याच जिवाला तरास म्या कशाला लावून घिऊ?"

हे एवढं तरी साहेबांना सुचायला हवं होतं. मलाही.

"मग कोणी उघडलं?"

तो जायला वळला. "त्या झाकनाचं मला इचारू नगा. म्या लिवून दिलं हुतं. कागदाचं फुडं काय झालं ते तुमालाच ठाव." आणि जाता जाता म्हणाला, "झाकन यार्डात पडलंय. बघा जाऊन एकदा."

३

खात्याच्या यार्डात जायला मला तीन सह्या आणि एक चहा लागला. झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बिडाचं, गोल, पुरणपोळीच्या तव्यासारखं जाड. अशा झाकणाला समोरासमोर दोन भोकं असतात. दोन माणसं दोन आकड्या घालून ते उचलतात. एका आकडीने ते नुसतं कलंडतं, जागचं निघत नाही.

या झाकणाचं एक भोक सिमेंटने बुजवलेलं होतं.

सिमेंटमधून बोटभर लोखंडी नळी वर आलेली होती. नळीला आरपार एक छिद्र, नट-बोल्टचं. नळी गंजून तांबडी झाली होती, पण छिद्राभोवती नटाच्या आकाराचं वर्तुळ चकचकीत होतं. तिथला नट कोणीतरी नुकताच काढला होता.

सिमेंट जुनं होतं. म्हणजे वैजनाथच्या आकडीने हे झाकण उघडणं शक्यच नव्हतं. या नळीवर काहीतरी लांब बसवलेलं होतं, आणि ज्याने झाकण काढलं त्याने त्याचीच तरफ केली होती.

कार्यालयात परतल्यावर मी माझं कपाट उघडलं. 'लिवून दिलं हुतं' हे डोक्यातून जाईना. तिसऱ्या खणात, खालून चौथ्या फाइलमध्ये तो अर्ज सापडला. दोन वर्षांपूर्वीचा. 'शरयू विहारसमोरच्या गोल झाकणात सोसायटीने नो पार्किंगची पाटी सिमेंटने बसवली आहे. आकडी लागत नाही. काढून मिळावी. वैजनाथ घुले.'

समासात निळ्या शाईत एक शब्द होता. 'पाहिले.' आणि खाली माझी सही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू विहारला गेले. फाटकासमोर नवं झाकण बसलं होतं. पाटी कुठेच नव्हती.

सोसायटीचे सेक्रेटरी आमोद परचुरे, चाळिशीचे, कानात इयरफोन. आयटीत मोठ्या हुद्द्यावर.

"मॅडम, मी ऑलरेडी स्टेटमेंट दिलंय. मी थर्ड फ्लोअरवरून बघितलं ना, तुमच्या माणसाने लिड काढलं, साइडला ठेवलं आणि गेला. फांदी लावली होती त्याने, पण एवढ्या पाण्यात कोणाला दिसणार? टोटल निग्लिजन्स."

"पाणी किती होतं तेव्हा?"

"गुडघ्याच्या वर. चॉकलेटी."

"आणि चॉकलेटी पाण्याखालचं झाकण काढलेलं तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरून दिसलं."

"म्हणजे, वाकला होता तो तिथे." त्यांनी इयरफोन काढला. "सॉरी, माझी मीटिंग आहे."

"एकच. झाकणावर पाटी होती, ती कुठे गेली?"

"पाटी? वाहून गेली असेल."

लोखंडी खांबावरची पाटी वाहून गेली आणि जास्वंदीची फांदी जागेवर राहिली. पुण्यात राहून मी एवढं शिकले आहे की समोरचा खोटं बोलायला लागला की त्याला पुरेसा वेळ द्यावा.

बापूरावांच्या पत्नी मथुराबाई तळमजल्यावर राहतात. घरात उदबत्तीचा वास होता आणि एका खुर्चीवर कोणी बसत नव्हतं.

"पाटी त्यांनीच लिहिली होती," त्या म्हणाल्या. "'येथे वाहन लावू नये. एकदा वाचून समजले नसल्यास पाटी पुन्हा वाचावी.' फार खूश होते त्यावर. अक्षर सुरेख होतं हो त्यांचं. पण तोंड फटकळ. गाडी लावणाऱ्याशी रोज भांडण. त्या दिवशीही साडेचारला छत्री घेऊन बाहेर पडले. म्हटलं, अहो, कुठे चाललात एवढ्या पाण्यात? तर म्हणाले, आमोदने हाक मारली आहे, येतो."

"आमोदने?"

"हो. पण तो म्हणतो, मी हाक मारलीच नाही, काका उगाच उतरले." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सगळे तेच म्हणतात. भेटायला येतात आणि म्हणतात, काकांचा स्वभावच तसा, भांडायला गेले आणि जीव घालवून बसले. पन्नास वर्षं संसार केला, आणि शेवटी लोकांच्या लक्षात काय राहणार, तर हे."

माझ्या पिशवीत तो 'पाहिले' लिहिलेला कागद होता.

रस्त्यापलीकडे मकबूल यांचं पंक्चरचं दुकान. टपरीवजा, अर्धं पदपथावर. पन्नाशीचे गृहस्थ, टायर सोलता सोलता बोलत होते.

"काका ना? दिसले मला. पाण्यात उभे होते छत्री घेऊन. नेहमीसारखं चालू होतं, ओरडणं. स्कूटरवाल्यांवर, रिक्षावाल्यांवर. 'अक्कल आहे का, तिकडून जा!' आम्ही हसत होतो. नंतर रझियाचा, माझ्या बायकोचा फोन आला, घरात पाणी शिरलं म्हणून. साडेपाचला मी गेलो. साडेसहाला परत आलो तर इथे गर्दी."

"किती वेळ उभे होते?"

"पाचच्या आधीपासून. मी जाईपर्यंत तिथेच."

"जागा न सोडता?"

मकबूल यांचा हात थांबला. "हां. तिथेच. एक पाऊल हलले नाहीत."

"कलंडलेलं झाकण काढायला खालून पहार लागते. तुमच्याकडे असेल ना?"

त्यांनी टायर खाली ठेवला. "होती," ते म्हणाले.

५

"मॅडम, आमच्या वडिलांपासून हे दुकान आहे," मकबूल हळू आवाजात म्हणाले. "पण पदपथावर आहे. कुठल्याही कागदावर नाव आलं की पहिली गाडी आमच्याकडे येते. म्हणून बोललो नाही. वाईट वाटत होतं, पण बोललो नाही."

"पहार कोणी नेली?"

"काकांनी. पावणेपाचला. तुमचे लोक जाळी साफ करून गेले, त्यानंतर. आमोदसाहेब फाटकात उभे होते. काका म्हणाले, मकबूल, पहार दे, आमोदच्या बेसमेंटमध्ये पाणी चाललंय. पाणी उतरतच होतं हो, तासाभरात गेलं असतं. पण आमोदसाहेबांची गाडी नवी."

म्हणजे झाकण काढणाऱ्या दोघांपैकी एक स्वतः बापूरावच होते. मथुराबाईंना हे सांगायचं कसं?

मी पुन्हा आमोद परचुऱ्यांचं दार वाजवलं.

"बेसमेंटचा पंप बघायचाय. खात्याची तपासणी."

याला नाही म्हणता येत नाही. पंपाच्या खोलीत दमट अंधार होता. पंपामागे भिंतीला लागून एक उंच वस्तू पोत्याने झाकलेली होती. पोतं मी काढलं. सुरेख, टपोरं, पोस्टातलं अक्षर: 'एकदा वाचून समजले नसल्यास पाटी पुन्हा वाचावी.'

मी पुन्हा वाचली. मग पिशवीतून चौकशीचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

"परचुरे, माझी चौकशी खात्यापुरती आहे. पोलिसांचं पोलीस बघतील. पण मला काय दिसतंय ते सांगते, चुकलं तर थांबवा. ही फांदी पुरात भोकात उभी होती म्हणता. बाजूच्या जाळीकडे बघा, तिच्यावर चिखल आणि पिशव्या गुंडाळल्यात. कठड्यावर गुडघ्याच्या उंचीला चिखलाची रेघ आहे. फांदीची अगदी खालची पानं मात्र पुसल्यासारखी स्वच्छ. म्हणजे ती पाणी ओसरल्यावर खोचली. खालचं टोक कात्रीने कापल्यासारखं सरळ. आमची माणसं फांदी हाताने मोडतात. आणि जास्वंद या रस्त्यावर कुठेच नाही, तुमच्या फाटकाच्या आत आहे."

त्यांनी मला थांबवलं नाही.

"झाकणाचं एक भोक बुजलेलं होतं. ते आकडीने निघत नाही. ते या खांबाची तरफ करून निघालं, एकाने खांब ओढला, दुसऱ्याने खालून पहार घातली. पहार बापूरावांनी आणली. खांब कोणी ओढला?"

"मी," ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "पण मॅडम, काकांना आयडिया पटली होती. ते म्हणाले, उघडं भोक सोडून कोणी हलायचं नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही पाच मिनिटं थांबा, मी बॅरिकेडसारखं काहीतरी घेऊन येतो. वर आलो तर क्लायंटचा कॉल आला."

"कॉल किती वेळ चालला?"

"एक तास."

पंप घरघरत होता. मला राग आला होता, पण त्याहून जास्त थकवा आला होता. एक तास. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघाभर वाहत्या पाण्यात, एका भोकाशेजारी.

"खाली आलो तेव्हा पाणी गेलं होतं," ते पुढे म्हणाले. "छत्री भोकाच्या काठाला अडकली होती. मला कळलं. मी पॅनिक झालो. सोसायटीवर येणार, माझ्यावर येणार. तुमची माणसं फांदी लावतात हे माहीत होतं."

"म्हणून आधी पाटी काढलीत, मग कात्री शोधलीत, मग फांदी, आणि मग अग्निशमन दलाला फोन."

तेवढी मिनिटं बापूराव जिवंत होते की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. परचुऱ्यांनाही नाही, आणि त्यांना ते जन्मभर पुरेल असं मला वाटतं.

६

सोमवारी मी अहवाल दिला. वैजनाथ घुले निर्दोष. 'खुला केला' या शब्दाचा अर्थ दोन ओळींत समजावून सांगितला, साहेबांसाठी. दोन वर्षांपूर्वीचा अर्ज जोडला, समासातल्या माझ्या सहीसकट, आणि त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी असं लिहिलं.

दिग्विजय साहेबांनी अहवाल वाचला. अर्जापाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं, पुढे गेले. मग एका रकान्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे काय लिहिलंय? इथे हो किंवा नाही लिहितात."

"हो लिहिलंय की."

"हो, पण पुढे?"

"पुढे काय झालं ते लिहिलंय."

त्यांनी थोडा वेळ पेन फिरवलं आणि मग सही केली. एवढ्या वर्षांत मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

वैजनाथ खाली फाटकाशी उभा होता. त्याला सांगितलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली आणि खिशातून फोन काढून पूर्णिमाला लावला. "कागदं काडून ठिव," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्या बाईंकडं जानार हाय का तुमी? मी बी येतो."

मथुराबाईंनी आम्हाला दोघांना बसायला सांगितलं. वैजनाथ याही वेळी उभाच राहिला. मी सगळं सांगितलं, झाकण काढायला बापूरावांनीच हात लावला हेही. ते ऐकताना मथुराबाईंचा चेहरा आणखी पडला. मग मी अहवालाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि रकाना दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि पोस्टमनच्या बायकोने वाचावं तसं, पत्त्यासारखं, एकेक शब्द वाचला.

'अपघातस्थळी धोक्याची खूण लावली होती काय? होय. पावणेपाचपासून किमान पाऊण तास श्री. बापूराव आगाशे स्वतः त्या जागी उभे होते. त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून दुसरीकडून जाण्यास सांगितले. त्या वेळात त्या चेंबरमध्ये दुसरे कोणीही पडले नाही.'

"म्हणजे भांडत नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही. मकबूल म्हणतात, पन्नास तरी गाड्या वळवल्या असतील त्यांनी."

"आणि त्या पन्नासही जणांना वाटलं असेल, काय खवट म्हातारा आहे."

"वाटलं असेल," मी म्हटलं. "मलाही वाटलं असतं."

वैजनाथने घसा साफ केला. "आमची फांदी पान्यात न्हाई टिकत, बाई," तो म्हणाला. "धा मिंटांत जाती वाहून. त्ये पाऊन तास टिकलं."

मथुराबाईंनी चष्मा काढला आणि इतक्या दिवसांनंतर पहिल्यांदा, आमच्या दोघांच्या समोर, मोकळेपणी रडल्या. मग उठल्या, ती रिकामी खुर्ची पुढे ओढली आणि वैजनाथला म्हणाल्या, "बसा आता. चहा टाकते."

तो बसला.